दुरुस्ती करावी, खाडाखोड नको

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू वीस मिनिटं बोल. तुझ्या कामाबद्दल बोल, पण आम्हाला कळेल असं बोल." यातली दुसरी अट अवघड आहे. पंचवीस वर्षं मी पुण्यात डेटाबेसचं काम करतो, आणि माझ्या आईला अजून वाटतं की मी बिघडलेले संगणक दुरुस्त करतो. मीही आता तिला समजावणं सोडून दिलं आहे. पण सर समोर बसले आहेत, म्हणून सुरुवात त्यांच्यापासूनच करतो.

सर पहिल्या तासाला हजेरी घ्यायचे, आणि एसटीनं येणारे आम्ही चार-पाच जण हमखास उशिरा पोचायचो. तोवर नावापुढं गैरहजेरीची खूण पडलेली असायची. सर ती खूण कधी खोडत नसत. लाल शाईनं तिच्याभोवती गोल करायचे, शेजारी हजेरी मांडायचे आणि बाजूला आपली बारीक सही करायचे. मी एकदा शहाणपणा केला. म्हणालो, "सर, ब्लेडनं खरवडलं तर पान स्वच्छ दिसेल." सर म्हणाले, "पान स्वच्छ दिसेल, पण खोटं होईल. तू उशिरा आलास हेही खरं आहे आणि तू आलास हेही खरं आहे." सर, तुम्हाला हे आठवत नसेल. मला मात्र त्याच वाक्याचा पगार मिळतो, हे कळायला फार वर्षं लागली.

डेटाबेस म्हणजे अनेकांनी एकाच वेळी हाताळायची नोंदवही. बँकेचं खातं, एसटीचं आरक्षण, रेशनकार्ड, गॅसचा नंबर, सगळं अशा वह्यांत असतं. वही एकाच्या हातात असते तोवर काही होत नाही. दोघांना एकाच ओळीत दोन वेगळे बदल करायचे असतात तेव्हा प्रश्न येतो. आम्ही त्याला 'कॉन्फ्लिक्ट' म्हणतो. आपण साधं 'भांडण' म्हणू. हे भांडण कसं सोडवायचं, हे माझं काम.

आता हेच भांडण आपल्या या मेळाव्यात कसं झालं ते सांगतो. पुण्यातल्या आपल्या एका मैत्रिणीनं जून १९९३ च्या हजेरीपटावरून वर्गाची यादी केली. तिच्याकडं ५६ नावं झाली. इथं धाराशिवात राहिलेल्या आपल्या एका मित्रानं दहावीच्या निकालावरून दुसरी यादी केली. त्याच्याकडं ५८ झाली. मग दोघांनी एक्सेलमध्ये नंबर, गाव, नोकरी भरायला सुरुवात केली आणि ग्रुपवर फायली यायला लागल्या. 'यादी फायनल', 'यादी फायनल २', 'यादी फायनल खरी'. शेवटी कोणीतरी म्हणालं, डेटाबेसवाला आपल्यात असताना आपण कशाला डोकं लावायचं? आणि दोन्ही फायली माझ्याकडं आल्या.

मी नाव आणि आडनाव जुळवून त्या एकत्र केल्या. वर्गात मुलं निघाली ७९. आपल्या त्या खोलीत ७९ जण बसलेच नसते.

शोधल्यावर उलगडा झाला. १३ मुली दोनदा आल्या होत्या, एकदा माहेरच्या आडनावानं, एकदा सासरच्या. ६ जण ऱ्हस्व-दीर्घामुळं दोन झाले होते. मराठीच्या बाई, तुम्ही बजावलं होतं ते खरं निघालं. आणि एका जागी उलटं झालं होतं. एकाच नावाचे आणि आडनावाचे जे दोघे आपल्या वर्गात होते, त्यांना संगणकानं एकच माणूस ठरवलं. एकाची नोकरी आणि दुसऱ्याचा फोन असा तिसराच गृहस्थ तयार झाला. हे सगळं निस्तरल्यावर आकडा आला ६१.

पण मग मूळ याद्या ५६ आणि ५८ च्या का? त्याचं कारण आठवलं आणि मी थोडा वेळ थांबलो. ३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाची रात्र उलटून पहाटे भूकंप झाला. त्यानंतर सास्तूरकडची पाच मुलं नातेवाइकांकडं राहायला आली आणि आपल्या वर्गात बसू लागली. जूनच्या यादीत ती नव्हती, निकालाच्या यादीत होती. आणि वर्षाच्या मधेच तिघं शाळा सोडून गेले होते. ते जूनच्या यादीत होते, निकालाच्या यादीत नव्हते. दोन्ही याद्या आपापल्या तारखेला बरोबर होत्या. कोणती खरी, हा प्रश्नच चुकीचा होता.

गावाच्या रकान्यातही असंच. 'उस्मानाबाद' २२ जण, 'धाराशिव' ९ जण. संगणकाच्या मते ही दोन शहरं. २०२३ साली जिल्ह्याचं नाव बदललं, आपली दहावीची प्रमाणपत्रं जुन्याच नावाची आहेत. ज्यानं जे आठवलं ते लिहिलं. कोणीही घर बदललेलं नव्हतं.

यावर आमच्या धंद्यातला पहिला नियम असा: माणूस असो की गाव, त्याची ओळख नावावर ठेवू नये. नाव बदलतं. ओळख अशा नंबरावर ठेवावी ज्याला काही अर्थच नाही, म्हणून तो बदलायचं कारणही नाही. शाळेच्या जनरल रजिस्टरचा नंबर असाच आहे. मुलीचं आडनाव बदललं तरी तो तिचाच राहतो. गाडीची पाटी बघा. जिल्ह्याचं नाव बदललं, पण एमएच २५ बदललं नाही. सगळ्यांच्या पाट्या बदलाव्या लागल्या असत्या तर काय झालं असतं, कल्पना करा. नाव एका जागी बदलायचं, जुनं नाव 'पूर्वीचं नाव' म्हणून शेजारी ठेवायचं. निम्मी भांडणं इथंच मिटतात.

उरलेली निम्मी खरी असतात. त्यांचं उदाहरण आपल्या वर्गणीचं घेऊ.

समजा, वहीत शिल्लक २०,००० लिहिली आहे. एका मित्राकडं ५०० आले, दुसऱ्याकडं ३००. दोघांनीही एकाच वेळी वही पाहिली, दोघांनाही २०,००० दिसले. पहिल्यानं बेरीज करून २०,५०० लिहिले. दुसऱ्यानं आपली बेरीज करून त्यावर २०,३०० लिहिले. ५०० रुपये गेले. कोणी चोरी केली नाही, कोणाची बेरीज चुकली नाही, तरी पैसे गेले. हे रोज कुठं ना कुठं घडतं, आणि कुठंही लाल दिवा लागत नाही.

यावर उपाय आहेत. पहिला म्हणजे कुलूप. एकानं वही घेतली की तो परत करेपर्यंत दुसऱ्यानं थांबायचं. पण तो वही कपाटात ठेवून, किल्ली खिशात घालून चहाला गेला तर सगळे ताटकळतात. दुसरा उपाय, प्रत्येक ओळीला एक क्रमांक द्यायचा. मी ओळ पाहिली तेव्हा क्रमांक ४ होता. लिहिताना मी सांगतो, अजून ४ असेल तरच माझा बदल घे आणि ५ कर. मधे कोणी लिहून गेलं असेल तर तिथं ५ झालेला असतो. माझा बदल नाकारला जातो आणि मला कळतं, की पुन्हा पाहायला हवं. तिसरा उपाय आपल्या किराणा दुकानदारांना आधीपासून माहीत आहे. शिल्लक बदलत बसायची नाही. '५०० जमा', '३०० जमा' अशा ओळी खाली खाली लिहीत जायच्या, शिल्लक लागेल तेव्हा काढायची. दोघांनी दोन ओळी लिहिल्या तर भांडणच होत नाही.

आणि चौथा उपाय म्हणजे आळशाचा. जो शेवटी लिहील तो खरा. ज्याची तारीख नवी, त्याची नोंद ठेवायची, दुसरी टाकून द्यायची. ऐकायला रास्त वाटतं. मीही तेच केलं होतं, आणि ते तुम्हाला सांगायला मला आजही बरं वाटत नाही.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. एका पतसंस्थेच्या शाखांच्या आणि मुख्य कार्यालयाच्या नोंदी एकत्र करायचं काम माझ्याकडं होतं. हजारो ओळी जुळत नव्हत्या. मुदत जवळ आली होती. मी नियम घातला, ज्या नोंदीची तारीख नवी ती ठेवा. एका रात्रीत सगळं जुळलं. एकही चूक दाखवली गेली नाही. माझं कौतुक झालं.

पाच-सहा महिन्यांनी एक बाई आल्या. त्यांचे यजमान वारले होते. त्यांच्या ठेवीवर वारस म्हणून बाईंचं नाव होतं, लग्नानंतर त्यांनी ते मुख्य कार्यालयात जाऊन लावलं होतं. आता संगणकात वारस दिसत होता दीर. शोधता शोधता कळलं की त्या शाखेतल्या संगणकाचं घड्याळ एक वर्ष पुढं होतं. तिथं झालेल्या जुन्या नोंदींवर पुढच्या वर्षीच्या तारखा पडल्या होत्या, आणि माझ्या नियमानं जुनी नोंद नवी ठरवून खरी नोंद पुसली होती. कागदावरचा अर्ज फायलीत सापडला म्हणून बाईंना पैसे मिळाले, पण त्यासाठी त्यांना किती खेटे घालावे लागले ते मी पाहिलं आहे. अशा किती ओळी माझ्या नियमानं पुसल्या असतील ते कधीच कळणार नाही, कारण पुसलेल्याची नोंदच मी ठेवली नव्हती.

त्यानंतर मी या विषयावर मुळापासून वाचायला लागलो. जिम ग्रे नावाचे अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ होते. या कामासाठी त्यांना १९९८ सालचं ट्युरिंग पारितोषिक मिळालं. १९८१ च्या एका लेखात त्यांनी म्हटलं आहे, की शाई-कागदावर हिशेब लिहिणाऱ्यांचा एक मोठा नियम असा होता, लिहिलेलं बदलायचं नाही. चूक झाली तर तिच्यावर शेरा मारायचा आणि भरपाईची नवी नोंद करायची. संगणकानं जागच्या जागी पुसून लिहिण्याची सोय दिली, आणि ती विषारी फळासारखी तर नाही ना, अशी शंका त्यांनी घेतली होती. मी ते वाचलं आणि मला थेट आपला वर्ग दिसला. लाल गोल आणि बारीक सही.

पण हे मला खरं समजलं ते पुस्तकातून नाही, आमच्या घरातून. ते सांगतो आणि मग थांबतो.

आपल्यातल्या बहुतेकांचं शेत आहे, म्हणून फेरफार हा शब्द समजावून सांगायची गरज नाही. पण त्याकडं माझ्या धंद्याच्या नजरेनं एकदा बघा. सातबारा म्हणजे आजची स्थिती. गाव नमुना ६ म्हणजे बदलांची वही. सातबारावर कोणालाही थेट नाव लिहिता येत नाही. आधी फेरफार क्रमांक पडतो, नमुना ६ मध्ये नोंद होते, आणि ती प्रमाणित झाल्यावर सातबारा बदलतो. बदलतो म्हणजे काय होतं? जुनं नाव खोडत नाहीत. त्याला कंस करतात, आणि नव्या नावाशेजारी फेरफाराचा नंबर लिहितात. कोणालाही मागं मागं जाता येतं.

आणि भांडणाची सोय? महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६, कलम १५०. तलाठ्यानं नोंद केली की तिची प्रत चावडीत ठळक जागी लावायची. ज्यांचा हक्क गुंतलेला दिसतो त्यांना लेखी कळवायचं. पंधरा दिवस थांबायचं. हरकत तोंडी असो की लेखी, ती घ्यायचीच, आणि हरकत घेणाऱ्याला पोच द्यायची. हरकतीसाठी वेगळी वही आहे, नमुना ६-अ, विवादग्रस्त प्रकरणांची. निकाल तलाठ्यानं द्यायचा नाही, त्याच्या वरच्या अधिकाऱ्यानं द्यायचा, तोही एक वर्षाच्या आत. म्हणजे लिहिणारा वेगळा, तपासणारा वेगळा. आणि प्रमाणित झालेली नोंदसुद्धा खरी मानायची ती उलट सिद्ध होईपर्यंतच.

प्रत्यक्षात हे सगळं किती नीट चालतं यावर आपण रात्रभर बोलू शकू. चपला झिजलेले लोक इथं बसले आहेत. पण रचना बघा. बदल आणि भांडण दोन्ही होणार हे धरून चालणारी ती रचना आहे. भांडणाला तिनं वहीत स्वतःची जागा दिली आहे.

आमचे अण्णा २०१७ साली गेले. साडेसहा एकर कोरडवाहू रान. वारसाच्या नोंदीचा अर्ज दादानं केला. त्यात तीन नावं, आई, दादा आणि मी. अक्काचं नाव नव्हतं. दादा फोनवर म्हणाला, "अक्का हक्कसोड देणारच आहे. आधी नाव लावायचं, मग काढायचं, दोनदा खर्च कशाला?" मी पुण्यात एका बैठकीत होतो. मी म्हणालो, "बरं." एका शब्दात मी माझ्या सख्ख्या बहिणीची ओळ पुसली.

कायदा मला माहीत नव्हता असं नाही. मुलीला मुलाइतकाच हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्रात १९९४ साली झाली, आपण दहावी झालो त्याच वर्षी. देशभर ती २००५ साली झाली. पण घरात कायदा कोण बोलतो?

अर्जातच नाव नाही म्हटल्यावर अक्काला लेखी नोटीस जायचं कारण नव्हतं. पण चावडीवर लावलेला कागद सगळ्यांना दिसतो. आमच्या एका चुलतभावानं तो वाचला आणि अक्काला बार्शीकडं फोन केला. मुदतीच्या आत अक्का गावात आली, तलाठ्याकडं गेली, आणि हरकत घेऊन परत गेली. आमच्या घरी पाणीसुद्धा न पिता.

घरात काय झालं ते सांगायला नको. दादाचं म्हणणं, तिनं आपल्याला गावासमोर उभं केलं. मलाही तसंच वाटलं. मी फोन केला, जरा रागातच. अक्का शांतपणे म्हणाली, "मला जमीन नको असंल तर ते मी म्हणंन. माझ्या वतीनं तुम्ही कशाला म्हणताव?"

मी फोन ठेवला आणि मला ती पतसंस्थेतली बाई आठवली. तेव्हाही मी हेच केलं होतं. भांडण दिसू नये म्हणून एका बाजूची ओळच काढून टाकली होती. काम लवकर झालं, पान स्वच्छ दिसलं. सरांच्या भाषेत सांगायचं तर खोटं झालं.

सुनावणीला मी रजा काढून गेलो. मंडळ अधिकाऱ्यांनी अक्काला विचारलं, तुमचं म्हणणं काय? ती म्हणाली, "मी अण्णांची लेक हाय, एवढं लिवा." मग त्यांनी दादाला विचारलं, हे खरं का? दादा बराच वेळ खाली बघत होता. मग म्हणाला, "लेक हाय, साहेब. थोरली."

एवढीच सुनावणी. चार नावांची नोंद झाली. दोन दिवाळ्या अक्का माहेरी आली नाही. तिसऱ्या दिवाळीला आली. आजही तिनं हक्कसोड दिलेली नाही आणि आम्ही मागितलेली नाही. सोयाबीनचे पैसे आले की दादा तिचा वाटा पाठवतो, आणि मला फोन करून सांगतो की पाठवला. सातबारावर आता चार नावं आहेत आणि वर कंसात अण्णा आहेत. मी कधी कधी मोबाईलवर उगाच तो उतारा उघडून बघतो.

हरकत म्हणजे अडथळा असं मी समजत होतो. हरकत घेतली गेली म्हणून नोंद खरी झाली. अक्का गप्प बसली असती तर सातबारा चुकीचा राहिला असता आणि आम्ही भाऊ-बहीण आयुष्यभर गोड बोलत राहिलो असतो, आतून मात्र तुटलेले.

आता शेवटचं, आणि ते माझ्या चुकीचं. हे आज सांगायचं की नाही, ठरत नव्हतं. सकाळी एका व्यक्तीची परवानगी घेतली आहे.

आपली यादी ६१ ची झाल्यावरही दोघांकडं दोन प्रती होत्याच आणि दोघंही आपापल्या प्रतीत बदल करत होते. आपले तिघं मित्र आज हयात नाहीत. त्यातला एक २०२१ साली कोरोनात गेला. इथल्या मित्रानं आपल्या यादीतून त्याची ओळ काढून टाकली. पुण्याच्या मैत्रिणीला ते कळलेलं नव्हतं. तिच्या यादीत ती ओळ होती. मी दोन्ही याद्या दुसऱ्यांदा एकत्र केल्या. काढून टाकलेली गोष्ट मागं काही खूण ठेवत नाही. त्यामुळं संगणकाला वाटलं, एकीकडं नाव आहे, दुसरीकडं भरायचं राहिलं आहे. त्यानं ते परत घातलं. आणि निमंत्रणाचा संदेश त्याच्या नंबरावर गेला. 'मित्रा, तुझी वाट पाहतोय.' खाली माझं नाव.

आमच्या शास्त्रात या चुकीवर उपाय आहे. ओळ काढायची असली तरी नुसती काढायची नाही, तिथं 'ही ओळ अमुक तारखेला काढली' अशी खूण ठेवायची. तिला 'टूम्बस्टोन' म्हणतात, म्हणजे समाधीचा दगड. हा शब्द मी पोरांना शिकवताना शेकडो वेळा वापरला आहे. त्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला.

संध्याकाळी त्या नंबरावरून वहिनींचा फोन आला. मी माफी मागायला लागलो. त्या म्हणाल्या, "माफी कशाला? यांना कोणीतरी बोलावलं, बरं वाटलं. आमचा मुलगा विचारतोय, बाबांच्या वर्गाला भेटायला आलं तर चालेल का?"

तो आज आला आहे. तिसऱ्या रांगेत बसला आहे. त्याच्या बाबांच्या जागी नव्हे, त्याच्या स्वतःच्या जागी. जेवणाच्या वेळी त्याला भेटा आणि त्याच्या बाबांच्या गोष्टी सांगा, ज्या त्याला घरी कोणी सांगू शकणार नाही. मधल्या सुट्टीत भिंतीवरून उडी मारून भेळ आणायला कोण जायचं, तेही सांगा. सर, आता तीस वर्षं झाली, तुम्हीही ऐका.

ही यादी स्मरणिकेत शेवटी छापली जाणार आहे. ६१ नावं आहेत. तिघांची नावं खोडलेली नाहीत, कंसात आहेत. मुलींची दोन्ही आडनावं आहेत, कोणतं आधी हे ज्यानं त्यानं ठरवलं आहे. भूकंपानंतर आलेले पाच आणि मधेच शाळा सोडून गेलेले तिघं, सगळे आहेत. यादीत चूक असणारच. ती दिसली तर गप्प बसू नका, हरकत घ्या. कळवताना तीन गोष्टी लिहा: आधी काय होतं, आता काय हवं, आणि सांगणारा कोण. दोघांनी दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या तर आम्ही कोणती खरी ते ठरवणार नाही. ज्याची ओळ आहे त्यालाच विचारू.

सर, तुम्ही आज सकाळी दारात हजेरी घेतलीत. मी सव्वाअकराला पोचलो, एसटीनं नव्हे, स्वतःच्या गाडीनं, तरीही उशिरा. माझ्या नावापुढं लाल गोल आहे, मी पाहिला. तो तसाच राहू द्या.